अनौरस पुत्राचा पिता : ‘व्यवहारमयूखा’पासून आजवर

सन १८२७ मध्ये सुरतेस ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर छापून निघाले. भाषांतरकार हॅरी बॉराडेल हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी होता. मूळ ग्रंथकार नीलकंठभट्ट हा सतराव्या शतकातील काशीचा पंडित. त्याचे भट्ट घराणे मात्र आपल्या पैठणचे. पैठणच्या वंशजाने काशीत रचलेला हा ग्रंथ तापीतीरी न्यायदानास उपयोगी पडला. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मिताक्षरेशी विरोध आल्यास मयूखास मान द्यावा, ही रीत पुढे न्यायालयांनी स्थिर केली.

त्याच वर्षीच्या एल्फिन्स्टनच्या कायद्याने असे ठरविले होते की, दाव्यास लागू असा सरकारी कायदा नसेल तर देशरिवाज पाहावा, तोही नसेल तर प्रतिवादीचा धर्म पाहावा. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, आणि त्या बापावर मुलाचा हक्क कोणता, हा प्रश्न त्यामुळे रिवाज व शास्त्र यांच्याच कक्षेत राहिला.

याज्ञवल्क्याचा नियम असा की, शूद्रापासून दासीस झालेल्या पुत्राला पित्याच्या इच्छेने वाटा मिळतो आणि पिता निवर्तल्यावर औरस भावांनी त्यास अर्धा वाटा द्यावा. द्विजांच्या दासीपुत्रास केवळ पोटगी. हा भेद वर्णाचा होता, आणि त्यातला अन्याय आम्ही झाकू इच्छित नाही. तथापि येथे पित्याची इच्छा ही एक कायदेशीर गोष्ट मानली गेली होती, हेही विसरता येत नाही. १८७५ च्या ‘राही विरुद्ध गोविंद’ या खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने हा हक्क आणखी मर्यादित केला. व्यभिचारातून जन्मलेल्यास वारसा नाही, पोटगी मात्र आहे, असे ठरले. दोष मातापित्यांचा आणि शिक्षा लेकराला, असा तो हिशेब होता.

पुढे १९५६ साली हिंदू कायद्याची नवी मांडणी झाली. वर्णभेद गेला, ही मोठीच सुधारणा होय. परंतु उत्तराधिकाराच्या कायद्याने अनौरस मुलाचे नाते मातेशी व सहोदरांशी जोडले. पित्याशी जोडले नाही. शूद्राच्या दासीपुत्राचा जुना अर्धा वाटाही त्याबरोबर गेला. त्याच वर्षीच्या पोटगीच्या कायद्याने अशा मुलाचे पोषण पित्याच्या शिरी ठेवले, आणि पालकत्वाच्या कायद्याने मातेनंतर पित्यास नैसर्गिक पालक मानले. म्हणजे बापाने पोसावे, वेळ आल्यास सांभाळावे, पण मृत्युपत्र न करता तो मेला तर लेकराने वारसा मागू नये! २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शून्य विवाहांतील संततीस मातापित्यांच्या मालमत्तेत आधार मिळाला. विवाहच नसलेल्या संबंधांतील मुलांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

पुरावा हा दुसरा प्रश्न. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने विवाहकाळातील जन्म हा औरसपणाचा निर्णायक पुरावा मानला, आणि २०२३ च्या नव्या कायद्यानेही तेच तत्त्व चालू ठेवले. विवाहाबाहेरील मुलाच्या बापास असे कोणतेही गृहीतक नाही. रक्तपरीक्षा सरसकट मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितले आहे. आपल्या मुलाचा ताबा मागणाऱ्या अविवाहित पित्यास १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. तेथे मुलाचे हित हीच कसोटी असते.

सुरतेच्या दक्षिणेस दमण आहे. तेथे लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत विवाहाबाहेरील अपत्याचा पित्याने विधिपूर्वक स्वीकार करण्याची तरतूद होती. तीही अपवादांनी भरलेली होती. व्यभिचारजन्य संततीस ती नाकारली गेली. तरीही पित्याला ‘हे माझे मूल’ असे लेखी म्हणता येत होते. आमच्या मते धडा एवढाच : जो बाप स्वतःहून पुढे येतो, त्यास दारी थांबवून ठेवण्यात नीतीचे रक्षण होत नाही. नीलकंठभट्टाच्या ग्रंथात पित्याच्या इच्छेस जेवढे स्थान होते, तेवढे तरी, वर्णभेद वगळून, सर्व मुलांच्या कामी यावे.