एका केबीतले सात रंग

एका केबीत आज काय मावतं? ऑफिसच्या ई-मेलखालचा डिस्क्लेमरसुद्धा कधीकधी त्याहून लांब असतो. पण १९८१ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोवर तेवढ्यात अख्खा रंगीत स्क्रीन बसायचा.

आधी हिशेब बघा. मॉडेल बी मध्ये रॅम ३२ केबी. भरपूर रंगांसाठी मोड २ लावला की २० केबी स्क्रीनच गिळायचा, वर ओळीत अक्षरं फक्त २०. सिस्टिमचा वाटा वजा जाता टेपवाल्या मशीनवर तुमच्या बेसिक प्रोग्रॅमला उरायचे साडेआठ केबी. म्हणजे रंग घ्या, नाहीतर मोठा प्रोग्रॅम लिहा!

यावरचा उतारा म्हणजे मोड ७. ४० अक्षरांच्या २५ ओळी, जागेला एक बाइट, झाले १००० बाइट. अक्षरं काढायला एसएए५०५० ही टेलिटेक्स्टची चिप, म्हणजे टीव्हीवरच्या सीफॅक्सच्या पानांचंच तंत्र. मग रंग साठवायचा कुठे? गंमत अशी की वेगळा कुठेच नाही. रंग हेच एक न दिसणारं अक्षर! १२९ छापलं की पुढचं सगळं लाल, १३१ ने पिवळं, १३६ ने लुकलुकणारं. नवी ओळ मात्र पुन्हा काळ्यावर पांढरी.

फुकट अर्थात काहीच नाही. प्रत्येक कोड एक जागा खातो. पिवळ्या पट्टीवर निळी अक्षरं हवीत? १३१, १५७, १३२... तीन जागा गेल्या. प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात हवं, तर अक्षरांमध्ये फटी पडणारच. दुप्पट उंचीसाठी १४१ देऊन तोच मजकूर लागोपाठ दोन ओळींत छापायचा. दुसऱ्या ओळीत वेगळा शब्द टाकलात, तर वरचं अर्धं एकाचं आणि खालचं दुसऱ्याचं :-)

१९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून ही मशीनं आपल्याकडच्या शाळांतही आली. तिथे मोड ७ ची खरी मर्यादा दिसते. अक्षरं चिपमध्येच कोरलेली, बदलायची सोय नाही. देवनागरी 'क' काढायचा तर मोड सोडून व्हीडीयू २३ ने ८ बाय ८ च्या चौकटीत एकेक ठिपका मांडायचा. अशा मोडांत सगळ्यात स्वस्त मोड ६. त्यालाही ८ केबी, आणि रंग दोनच.