गणकयंत्राचा ताप: टिफ्रॅकपासून आष्टीतल्या टेबलापर्यंत

नवीन कॉम्प्युटर जुळवून झाला, चालू केला, पडद्यावर सगळं नीट दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता सिम्युलेशन लावू का?" पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी मला हे नेहमी विचारतात. माझं उत्तर असतं, दोन दिवस थांबा. आधी यंत्राला ताप किती चढतो ते बघा, आणि तापात ते बरळतं का तेही बघा.

ही तपासणी म्हणजे गेमर मंडळींचं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. पण ती कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबई-पुण्यातून जातो.

१९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. तो साधारण १५० किलोवॅट वीज खायचा आणि त्या विजेची शेवटी उष्णताच व्हायची. आजच्या प्रोसेसरलाही हाच नियम आहे. आत १२५ वॅट गेले, की तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. एनिॲकच्या ट्यूब जास्त करून बंद-चालू करतानाच जायच्या, म्हणून तो शक्यतो बंदच करत नसत. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'व्हर्लविंड' यंत्रावर काम करणाऱ्यांनी एक भारी युक्ती काढली. ते मुद्दाम व्होल्टेज खालीवर करून तपासणीची गणितं चालवायचे. जी ट्यूब थकत आली असेल ती त्या ताणात चुकायची, आणि खऱ्या कामाच्या वेळी दगा देण्याआधीच बदलली जायची. तुम्ही आज जी 'स्ट्रेस टेस्ट' लावता, तिचं मूळ माझ्या मते इथे आहे. यंत्र चालतंय ना, एवढंच विचारून भागत नाही. कडेला किती जागा उरली आहे, ते विचारावं लागतं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेलं टिफ्रॅक फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागलं. नाव मात्र त्याला जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. त्यात सुमारे २,७०० ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. १८ फूट लांब, ८ फूट उंच आणि अडीच फूट रुंद असा त्याचा पोलादी सांगाडा होता. वर्णन वाचताना मला वेगाच्या आकड्यापेक्षा एक साधा तपशील लक्षात राहिला: या सांगाड्याच्या प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी दरवाजे होते, आतल्या सर्किटपर्यंत हात पोचावा म्हणून. यंत्र बिघडणारच, हे बांधणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं!

पुढचा टप्पा पुण्याचा. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला आणि १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली. तिचे प्रमुख विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ साली 'परम ८०००' आला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून एकच गणित वाटून दिलेलं होतं. त्याच काळातला क्रे-२ आठवा. त्याची सर्किटं इतकी दाटीने बसवलेली आणि इतकी तापणारी, की ती फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात चक्क बुडवून ठेवावी लागत. थोडक्यात, वेग वाढवायचे दोन रस्ते होते: एक तापट पैलवान पोसायचा, नाहीतर बऱ्याच साध्या गड्यांना एका दोरीला लावायचं. परमची कथा आपण स्वाभिमानाची म्हणून सांगतो, ते ठीकच. मला ती उष्णतेची कथा म्हणूनही वाचावीशी वाटते. कारण २००४ मध्ये इंटेललाही तोच रस्ता धरावा लागला. पेंटियम ४ चा 'प्रेस्कॉट' शंभर वॅटच्या वर गेला, त्याच्या पुढची 'तेजस' नावाची चिप कंपनीने रद्द केली आणि एका चिपवर दोन-चार कोअर बसवायला सुरुवात झाली. तुमच्या प्रोसेसरवर आठ किंवा सोळा कोअर आहेत, त्यामागचं मोठं कारण हे तापमान आहे.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याचाच 'एका' जगात चौथा आला, ११७.९ टेराफ्लॉप्स. हा आकडा लिनपॅक चाचणीतला. यात समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवायचा असतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. गणित संपल्यावर हा प्रोग्रॅम आलेलं उत्तर परत समीकरणांत घालून बघतो. उरलेली चूक ठरलेल्या मर्यादेत असेल तरच 'पास' असा शेरा छापतो. वेग कितीही येवो, उत्तर चुकलं तर तो आकडा कचऱ्यात. हेच लिनपॅक घरगुती कॉम्प्युटरच्या स्थिरता चाचणीलाही वापरतात, कारण ते प्रोसेसरला पुरतं तापवतं आणि त्याची चूक पकडतं.

इथे थॉमस नाइसली यांची गोष्ट सांगायलाच हवी. हे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक १९९४ मध्ये जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. नवा पेंटियम कामाला लावल्यावर उत्तरं जुळेनात. त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम, कंपायलर, मदरबोर्ड असं एकेक कारण बाजूला काढलं. त्यात काही महिने गेले. शेवटी दोष चिपच्या भागाकारात निघाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं, तो पेंटियम १.३३३७४ द्यायचा. यंत्र हँग झालं नाही, निळा पडदा आला नाही, फक्त उत्तर चुकलं. इंटेलला यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च ताळेबंदात दाखवावा लागला. हा दोष उष्णतेचा नव्हता हे खरं. पण "दोन तास चालवलं, बंद नाही पडला" या चाचणीतून तो सुखरूप सुटला असता, हा मुद्दा आहे. मूळ संख्या शोधणाऱ्या मंडळींचा 'प्राइम९५' म्हणूनच उपयोगी पडतो: त्याची टॉर्चर टेस्ट ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं सोडवते आणि पडताळते.

आता आपल्या खोलीत येऊ. मी आष्टीचा, बीडची नव्हे, वर्धा जिल्ह्यातली, बेचाळीसच्या हुतात्म्यांची आष्टी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा-हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक आवरतो. समजा, दुकानात एसीच्या २५ अंशांत पूर्ण भाराखाली ७५ आले, म्हणजे फरक ५० चा. तोच फरक ४२ अंशांच्या खोलीत धरला तर ९२. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. उत्तर चुकत नाही, पण वेळ वाढतो. तुमच्या प्रबंधात दोन पद्धतींच्या वेळेची तुलना असेल, एक सकाळी सहाला आणि दुसरी दुपारी तीनला मोजली असेल, तर तुम्ही पद्धती मोजल्याच नाहीत, आष्टीचं ऊन मोजलं.

म्हणून वहीत प्रत्येक तापमानाशेजारी खोलीचं तापमान लिहा. रिकामा असताना किती, अर्ध्या तासाच्या भाराखाली किती, तेव्हा घड्याळाचा वेग किती. लिनक्सवर प्रोसेसरच्या तापमानासाठी 'सेन्सर्स' ही आज्ञा पुरते. मेमरी वेगळी तपासा. 'मेमटेस्ट८६' रात्रभर लावा. रॅमचा वेग बायोसमधून वाढवला असेल तर आधी मूळ सेटिंगवर आणा. एकही चूक दिसली तर "एकच तर आहे" म्हणू नका. तीन आठवड्यांच्या सिम्युलेशनमध्ये तेवढी एक पुरते.

कूलरबद्दलही विचारतात. खसचा कूलर आमच्या कोरड्या उन्हाळ्यात खोली छान उतरवतो, खुशाल लावा. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको, पाण्याचे तुषार आणि क्षार आत जातात. जूनच्या अखेरीस हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा सगळी मोजणी परत करा. आणि मुख्य गणित लावण्याआधी त्याची एक छोटी आवृत्ती, तोच आरंभबिंदू, तेच रँडम बीज ठेवून, दोनदा चालवा, एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी. अनेक कोअरवर बेरजेचा क्रम बदलतो म्हणून शेवटचे अंक हलू शकतात, त्यासाठी ही चाचणी एकाच कोअरवर घ्या, मग उरलेल्या कोअरवर एकेक करून. दोन्ही उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत जुळली तर लावा सिम्युलेशन.