बोबड्या बोलांची बखर

आमच्या घरातली लहानी मला ‘आत्ता’ म्हणते. मी तिची आत्या. पण ‘त्या’मधला य तिच्या जिभेला अजून पेलत नाही, म्हणून माझी आत्ता झाली आहे. ओसरीवरून तिने हाक मारली की परक्या माणसाला वाटावे, या पोरीला काही तरी आत्ताच्या आत्ता हवे आहे. बहुधा तसे असतेही. तिला काल ठाऊक नाही आणि उद्याशी तिचे देणेघेणे नाही. मुंगी, पाटावरचे सांडलेले दूध, वाळत घातलेल्या लुगड्याखालची सावली, सगळे तिला आत्ताच पाहायचे असते, आणि तेही माझा हात धरून.

मी पेशाने शिक्षिका. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही. नंतर दोन कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी मुळातली सवय काही सुटत नाही. लहानी बोलू लागली तशी मी एक दुरेघी वही घेतली, मधोमध उभी रेघ मारली, आणि डाव्या बाजूस ‘लहानीचा शब्द’ व उजव्या बाजूस ‘शुद्ध शब्द’ असे मथळे घातले. काऊ, भूभू, मम्म हे सुरळीत पार पडले. एके दिवशी तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावून ‘डोया’ म्हटले. मी तो शब्द डावीकडे लिहिला, उजवीकडे ‘डोळा’ लिहिला, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली, “लहाने, इकडे ये, तुये डोये पुसून देतो!”

पेन तसेच हातात राहिले. पोरीची चूक म्हणून मी जी नोंदली होती, ती चूक नव्हतीच. ती तर आमची वऱ्हाडी. ळचा य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत: केळे म्हणजे केय, काळा म्हणजे काया. लहानीने जे ऐकले तेच हुबेहूब उचलले होते. बोबडे कोण, आई की नात, की दोघींना उजव्या रकान्यात कोंबू पाहणारी मी?

त्या वहीपासून मी या विषयात शिरले. इतिहासाने मुलांचे बोल कधी टिपून ठेवले आहेत काय, असा प्रश्न मनात आला. आमच्या गावाला इतिहास कमी नाही. नांदगावचे खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ उंचावर उभे आहे आणि तिथे यादव राजा कृष्ण, म्हणजेच कन्हरदेव, याच्या काळचा शके ११७७ चा, अर्थात १२५५ च्या सुमाराचा शिलालेख आहे. देवाला दिलेल्या दानाची नोंद दगडात कोरलेली आहे. ती पुसली जाऊ नये अशी त्या लोकांची इच्छा होती आणि साडेसातशे वर्षांवर ती पुरी झाली. परंतु त्या देवळाच्या पायऱ्यांवर जी पोरे खेळत असतील, ती आपल्या आईला काय म्हणून हाक मारीत, हे दगड सांगत नाही. दगड कोरणाऱ्याला त्याची मजुरी कोण देणार?

मौज अशी की हे देऊळ नवे होते त्याच काळात, अमरावतीच्या पलीकडे आजच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात एक पुरुष लहान मुलासारखा बोलत आणि वागत होता, आणि त्याचे बोल टिपून ठेवणारी माणसेही पुढे त्याला मिळाली. गुंडम राऊळ ऊर्फ श्रीगोविंदप्रभू हे ते पुरुष. महानुभाव त्यांना पंचकृष्णांपैकी एक मानतात. चक्रधरस्वामींचे ते गुरू. आईबाप लहानपणीच गेले आणि मामा-मावशींनी त्यांना रिद्धपुरात वाढवले. ज्या मुलाचे कोड पुरवायला आई उरली नाही, तो जन्मभर मूलच राहिला, असे त्यांचे चरित्र वाचताना मला वाटते. पंथाचा अर्थ वेगळा आहे. तो ईश्वराची लीळा पाहतो. मी श्रद्धेची गोष्ट श्रद्धावंतांवर सोडते आणि एक वाचक म्हणून लिहिते.

हे राऊळ गल्लीतल्या पोरांत खेळत. हवे ते खायला मागत, मिळाले नाही की रुसत, खवळत, शिव्याही देत. कुणाच्याही घरात शिरून जेवत. त्या घराची जात कोणती याची त्यांना फिकीर नव्हती. मूल जसे कुणाच्याही ताटात हात घालते, तसेच. परंतु जातीने बांधलेल्या तेराव्या शतकातल्या गावात या पोरकटपणाचे मोल काय होते, ते ज्याला दारात उभे राहू दिले जात नव्हते त्याला विचारावे. मातंगांना पाणी मिळत नव्हते तेव्हा याच वेड्या राऊळांनी विहिरीची जागा दाखवल्याची लीळा चरित्रात आहे. अडीअडचणीला गाव त्यांनाच आई म्हणे आणि त्यांनाच बाप म्हणे.

आता या माणसाचे बोलणे. ते तुटक, एकदम रागावणारे आणि एकदम निवणारे; वाक्याच्या शेवटी कारण नसता ‘म्हणे’ जोडण्याची त्यांना सवय होती. एखाद्या पंडिताच्या हाती हे बोलणे पडते तर त्याने ते घासूनपुसून, संस्कृताचे अलंकार घालून देवाला शोभेल असे केले असते. म्हाइंभटाने तसे केले नाही. म्हाइंभट स्वतः शास्त्री, वादविवादात रस घेणारा माणूस. चक्रधरांच्या प्रयाणानंतर तो आणि नागदेवाचार्य रिद्धपुरास राहिले, राऊळांची सेवा केली. आणि १२८७ च्या सुमारास राऊळ गेल्यावर त्याने लवकरच त्यांचे चरित्र सिद्ध केले. त्यात ते ‘म्हणे’ जिथल्या तिथे आहे. शिव्याही जिथल्या तिथे आहेत. ज्ञानेश्वरी अजून व्हायची होती, आणि मराठी गद्य पोरवयातल्या बोलण्याला उजवा रकाना न काढता लिहून घेत होते!

हे सहज घडलेले नाही. केशोबासासारखा जाणता शिष्य संस्कृतात लिहू पाहत होता, त्याला नागदेवाचार्यांनी अडवले: अशाने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, हे त्यांचे कारण. या म्हाताऱ्या कोण? पंथातल्या साध्यासुध्या बायका, ज्यांना मराठीखेरीज भाषा नव्हती. माझ्या आईसारख्या, असे मी मनाशी म्हणते.

या बायकांतली एक महदाइसा. ती नागदेवाच्या नात्यातली, बालविधवा. राऊळांना एकदा लहर आली की आपले लग्न लागावे. मूल बाहुलीचे लग्न मांडते, तसा हा हट्ट. शिष्यांनी तो मोडला नाही. लग्नाचा खेळ मांडला, आणि लग्नात गाणी हवीत म्हणून महदाइसेने धवळे रचले, तेही तिथल्या तिथे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचे नाव शाळेत शिकवतो. मी स्वतः कितीदा फळ्यावर लिहिले आहे: आद्य कवयित्री, महदंबा, धवळे. पण जिचे स्वतःचे लग्न कळत्या वयाआधीच संपले, तिने एका म्हाताऱ्या मुलाच्या खोट्या लग्नासाठी खरी गाणी म्हटली, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. परीक्षेत येत नाही ना!

पुढे परचक्रात पंथाच्या पोथ्या गेल्या. तेव्हा ज्यांना पाठ होते त्यांच्याकडून लीळा पुन्हा उभ्या कराव्या लागल्या, आणि त्यांत हिराइसा या बाईची स्मरणशक्ती कामास आली; ‘हिराइसा पाठ’ म्हणून तो आजही ओळखला जातो. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या आणि कुणी सांगितले तेही नोंदवायचे, अशी त्या मंडळींची रीत होती. मग सकळ लिपी, सुंदर लिपी अशा सांकेतिक लिप्यांच्या कुलुपात हे धन शतकानुशतके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ते कुलूप उघडले, आणि आमच्या वऱ्हाडचे डॉ. वि. भि. कोलते यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र १९४४ साली छापून आणले. १९८४ साली अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी ते इंग्रजीत नेले. रिद्धपुरातला तो ‘म्हणे’ त्यांनी इंग्रजीत कसा सोसला असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

मुलांचे बोल टिपणारे जगात आणखीही झाले. चार्ल्स डार्विनला १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने किडामुंगीची ठेवावी तशी त्याची टिपणे ठेवली आणि ती १८७७ साली, म्हणजे मुलगा सदतीस वर्षांचा झाल्यावर, प्रसिद्ध केली. वर्षाच्या त्या पोराने खाण्याला स्वतःच एक शब्द बनवला होता: ‘मम्’. डार्विनला त्याचे नवल वाटले. आमच्या कोणत्याही आजीला वाटले नसते.

याच्या उलट टोकाला अकबर बादशहा. मूल कुणी न शिकवता कोणती भाषा बोलते, हे पाहण्यासाठी त्याने १५७८ च्या सुमारास काही तान्ही मुले एका घरात ठेवली. सांभाळणाऱ्या दायांना तोंडातून शब्द काढण्याची मनाई. चार वर्षांनी बादशहा तिथे गेला, तर आतून एक बोल उमटला नाही. लोकांनी त्या घराला गुंगमहाल म्हटले. बादशहा मोठा, जिज्ञासाही मोठी. पण त्या दायांचे मला राहून राहून वाटते. मांडीवर पोर आहे, ते हसते आहे, आणि आपण ‘काय रे सोन्या’ म्हणायचे नाही!

इथे ताराबाई मोडकांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही, कारण लग्नानंतरची काही वर्षे त्या अमरावतीत होत्या. पुढे गिजुभाई बधेका यांच्या जोडीने त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि उतारवयात कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा मांडली. मूल जे घेऊन येते तिथून आरंभ करावा, ही त्यांची दृष्टी. मी वीस वर्षे शिकवते आहे आणि ‘काहून’ म्हणणाऱ्या किती पोरांना मी ‘का, असे म्हण’ म्हणून खाली बसवले, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्यांतली काही नंतर प्रश्न विचारीनाशी झाली. ते मला तेव्हा शिस्त लागल्याचे चिन्ह वाटे.

असो. मध्यंतरी आईला विचारले, “माझा पहिला शब्द कोणता होता ग?”

“कोनाले आठोते बाप्पा! निंदनाचे दिवस होते. तुले धुऱ्यावर झोयीत टाकत होतो अन् कामाले लागत होतो. कोन आयकते पोट्टी काय बोलते ते?”

तिच्या बोलण्यात खंत नव्हती, मला मात्र लागले. देवाचे बोल राहिले, डार्विनच्या मुलाचे राहिले. धुऱ्यावरच्या झोळीतले गेले. त्या रात्री मी वहीतली उभी रेघ खोडली आणि उजव्या बाजूचे ‘शुद्ध शब्द’ही खोडून टाकले.

दिवाळीच्या आधीच्या सुटीत आम्ही तिघी रिद्धपुरास गेलो. अमरावतीला गाडी बदलली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याच २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचा कारभारही याच रिद्धपुरात सुरू झाला. म्हाइंभटाच्या गावी विद्यापीठ आले, हे योग्य झाले. राजमठात आईने डोके टेकले. लहानीने खांबाशी लपाछपी मांडली आणि तिला कुणी रागावले नाही. रागावले असते तर ते त्या जागेला शोभलेही नसते.

परतताना आम्ही रस्त्याकडेला उभ्या होतो. लांबून एस.टी. आली आणि तिने हॉर्न दिला, तशी लहानी आईच्या कडेवरून उसळली. “हम्मा! आत्ता, हम्मा आली!”

गाडीला गाय म्हणते म्हणून मी हसले. आई हसली नाही. ती गाडीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “तू बी एस्टीले हम्माच म्हने.”

“मी?”

“हाव. वावर सडकेच्या कडेलेच होतं न. दुपारची एस्टी वाजली का मी निंदन सोडून तुले पाजाले येत होतो. ते दिसली का तू झोयीतून हात करे. हम्मा, हम्मा.”

गाडीत बसल्यावर मी पिशवीतून वही काढली. रस्ता खराब, अक्षर हलत होते. लहानीच्या नावापुढे लिहिले: हम्मा, एस.टी. मग खाली एक ओळ सोडून माझे नाव लिहिले, त्यापुढे तोच शब्द, आणि शेवटी: ‘सांगणार, आई.’