संगीतगृहे, जुनी व नवी : रचना आणि ध्वनी

ध्वनिवर्धकापूर्वीच्या संगीतगृहात आवाज पोहोचवण्याचे काम वास्तूलाच करावे लागे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस (उद्घाटन १९११, बांधकाम तेव्हा अपुरेच होते) त्याच वळणाचे : रंगमंचाजवळ सज्जे व खासगी कक्ष, भिंतींवर नक्षीदार गिलावा. अशा उंचसखल नक्षीमुळे ध्वनी एकाच दिशेला न परतता विखुरतो. पुढे चित्रपटगृह झालेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली व जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये खुली झाली.

नव्या सभागृहांमागे गणित आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी निनादकाळ (आवाज थांबल्यावर घुमत राहण्याचा अवधी) मोजण्याचे सूत्र दिले. बॉस्टनचे सिंफनी हॉल (१९००) त्यावर बेतले. सिंफनीला सुमारे दोन सेकंदांचा निनाद मानवतो. संवाद आणि तबल्याचे बोल मात्र त्यात गढूळ होतात. म्हणूनच मुंबईतील एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेचे टाटा थिएटर (१९८०, वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस) पंख्याच्या आकाराचे, श्रोत्यांना गायकाजवळ आणणारे आहे. ध्वनिवर्धकाविना हिंदुस्थानी संगीत ऐकण्यासाठी महाराष्ट्रात याच्या तोडीची जागा क्वचितच.

नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर नाटक, संगीत व सभा या तिन्हींसाठी वापरले जाते. अशा बहुउद्देशीय सभागृहांत श्रवणसुखाची भिस्त ध्वनियंत्रणा व ती हाताळणाऱ्या तंत्रज्ञावर असते.