मगधात तीनदा आलेला चिनी राजदूत : वांग ह्युएनत्से

ह्युएनत्संग आपल्या सर्वांना ठाऊक आहे. नालंदा म्हटलं की त्याचं नाव आलंच. पण त्याच काळात चीनच्या दरबारातून मगधात एकदा नव्हे, तीनदा आलेला वांग ह्युएनत्से हा सरकारी अधिकारी आपल्याकडे कुणाच्या तोंडी नाही. तो भिक्खू नव्हता, पंडितही नव्हता. दक्षिण चीनमधल्या एका लहानशा तालुक्याचा तो अंमलदार होता. तिथून उचलून त्याला राजदूतांच्या मंडळात घेतलं गेलं.

सम्राट हर्षवर्धनाने ६४१ साली आपला दूत चीनला पाठवला. तिथे तांग घराण्याचा सम्राट थाय-त्सुंग राज्य करीत होता. मग दोन्हीकडून ये-जा सुरू झाली. ६४३ साली निघालेल्या चिनी मंडळात बावीस माणसं होती. लि यि-प्याव प्रमुख होता नि आपला वांग उपप्रमुख. ६४५ च्या आरंभी त्यांनी राजगृहाच्या गृध्रकूटावर लेख कोरला आणि थोड्याच दिवसांनी बुद्धगयेला महाबोधी विहारात शिलालेख उभारला. त्यांच्यासोबत सुंग फा-ची नावाचा कारागीर होता. त्याने तिथल्या बुद्धमूर्तीचं रेखाटन करून चीनला नेलं. ह्युएनत्संग चांगआनला परतला, तेही हेच वर्ष.

दुसरी फेरी मात्र भयंकर ठरली. या वेळी वांग स्वतः प्रमुख होता आणि बरोबर तीस घोडेस्वार होते. ते पोचेपर्यंत हर्ष वारला होता, राज्यात बेबंदशाही माजली होती. तिरभुक्तीच्या (आजचं तिरहूत) अरुणाश्वाने, काही पुस्तकांत याला अर्जुन म्हटलं आहे, या मंडळावर सैन्य घातलं. माणसं पकडली गेली, वाटेतल्या राजांनी दिलेल्या भेटवस्तू लुटल्या गेल्या. वांग रातोरात निसटला.

दुसरा एखादा असता तर सरळ घरी गेला असता. वांगने तिबेट गाठलं. तिथल्या स्रोंगत्सान गंपो राजाला ६४१ साली चीनची राजकन्या वेनचेंग दिलेली होती, त्यामुळे सोयरीक कामाला आली. तिबेटने १,२०० निवडक सैनिक दिले. नेपाळच्या नरेंद्रदेवाने ७,००० घोडेस्वार दिले. हा नरेंद्रदेव लिच्छवी घराण्याचा, बरं का! हे उसनं सैन्य घेऊन तो परत मगधाकडे उतरला आणि तीन दिवसांत लढाई जिंकला. चिनी बखरी सांगतात, ३,००० माणसं कापली गेली, १०,००० नदीत बुडाली, १२,००० स्त्री-पुरुष कैद झाले. हे आकडे जिंकणाऱ्याच्या वहीतले आहेत. आपल्याकडच्या एकाही ग्रंथात किंवा लेखात या लढाईचा उल्लेख नाही. तेव्हा आम्ही ते जसेच्या तसे धरत नाही. पण अरुणाश्वाला बांधून ६४८ साली चांगआनला नेलं, हे खरं. थाय-त्सुंगच्या समाधीपुढे परदेशी राजांचे दगडी पुतळे उभे केले, त्यांत याचाही होता. त्याचं नाव कोरलेली बैठक सापडली आहे.

याच फेरीत वांगने नारायणस्वामी नावाचा एक वैद्यही नेला. आपलं वय दोनशे वर्षं आहे असं तो सांगायचा! त्याने अमरत्वाचं औषध बनवलं. सम्राट ६४९ साली वारला, आणि त्या औषधानेच घात केला असं पुढे दरबारातच बोललं गेलं. इतका धोरणी मुत्सद्दी इथे मात्र फसला.

ज्याने बोधिवृक्षाजवळ शिलालेख उभारला, त्यानेच दोन-तीन वर्षांनी त्याच मुलखातली हजारो माणसं बांधून नेली. या दोन गोष्टी एकत्र कशा मांडाव्यात? काही लेखक त्याला नुसता शूर वीर म्हणून रंगवतात, काही नुसता भाविक उपासक. आम्हाला दोन्ही पटत नाही. तो राजाचा चाकर होता आणि श्रद्धावानही होता, नि त्याच्या हातून दोन्ही घडलं.

तिसऱ्यांदा तो आला तो नव्या सम्राटाकडून महाबोधी विहारासाठी काषाय चीवर घेऊन. त्याच्या वाटेचा पुरावा १९९० साली मिळाला. तिबेटमध्ये नेपाळच्या सरहद्दीजवळ खडकावर कोरलेला ६५८ सालचा लेख सापडला. वैशालीला त्याने विमलकीर्तीच्या घराची जागा आपल्या हातातल्या राजपट्टीने मोजली. ती दहा पट्ट्या भरली. ६६० साली महाबोधी विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी या पाहुण्यांसाठी मोठा समारंभ केला, उंची वस्त्रं दिली, काही अंतर पोचवायलाही आले. निरोप घेताना दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याने भारतप्रवासावर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला होता. तो हरवला, त्यातले काही उतारे दुसऱ्यांच्या पुस्तकांत उरले आहेत. तांग घराण्याच्या इतिहासात त्याचं वेगळं चरित्रही नाही. तरी नाव पुसलं गेलं नाही. जपानात नारा येथील याकुशी-जी विहारात ७५३ सालची तथागतांच्या पदचिन्हांची शिळा आहे. मूळ ठसा वांग ह्युएनत्सेने भारतातून आणला, चांगआनमध्ये एका जपानी दूताने त्याची नक्कल केली, असं त्या शिळेवरच लिहिलं आहे. आणि चीनमधल्या लुंगमेनच्या लेण्यांत ६६५ सालचा एक छोटा लेख आहे, मैत्रेयाची मूर्ती करविल्याचा. करविणाऱ्याचं नाव, वांग ह्युएनत्से.