कंपनीकडून सरकारकडे : छत्तीसगडाच्या भूमीचा एक फेरफार

आपल्यापैकी ज्यांनी रायपुरात घरासाठी जागा घेतली, त्यांना पटवाऱ्याकडचा खसरा आणि नामांतरणाचे हेलपाटे चांगलेच परिचित आहेत. गावाकडे ज्यास आपण सातबारा आणि फेरफार म्हणतो, तेच हे. जमीन जागची हलत नाही. कागदावरचे नाव तेवढे बदलते. परंतु या सबंध छत्तीसगडाचाही एकदा असाच फेरफार झाला होता आणि तो रायपुरात नव्हे, तर लंडनमध्ये नोंदला गेला, याचे स्मरण आपल्याला क्वचितच असते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही तीच कहाणी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या भूमीशी आपले नाते भोसल्यांच्या काळापासूनचे. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीपुढे रतनपूरच्या हैहय राजाने शरणागती पत्करली. पुढे बिंबाजी भोसले यांनी १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार केला. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. त्यांच्यानंतर मात्र सूत्रे नागपूरहून हलू लागली. सुभेदार येत, वसूल गोळा करीत आणि परत जात. १८१८ मध्ये नागपूरकरांचा पराभव झाल्यावर अल्पवयी राजाच्या नावाने इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभार हाती घेतला. कर्नल ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले ते याच सुमारास. १८३० मध्ये छत्तीसगड पुन्हा भोसल्यांकडे आले. पण ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक निवर्तले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेले, आणि भूमी ईस्ट इंडिया कंपनीच्या खात्यात.

ही कंपनी मुळात व्यापारी. १८३३ च्या सनदी कायद्याने तिचा व्यापार बंद झाला होता आणि मुलूख तिने इंग्लंडच्या राजाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळावा, असे ठरले होते. तरीही तिचे भागीदार होते, भागभांडवल होते आणि नफ्याची वाटणीही होती. रायपूर, धमतरी, बिलासपूरकडचा शेतकरी चार वर्षे अशा भागीदारांचा रयत होऊन राहिला.

ती चार वर्षे शांततेची नव्हती. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, म्हणून त्यांना कैद झाली. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी देण्यात आले. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, हनुमानसिंहांनी येथील छावणीत सार्जंट मेजर सिडवेल याचा वध केला. त्यांचे सतरा साथीदार फासावर गेले.

त्यानंतर २ ऑगस्ट १८५८ रोजी विलायतेत हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा कायदा संमत झाला. कंपनीच्या ताब्यातील सर्व मुलूख राणीकडे गेला. एकोणचाळिसाव्या कलमान्वये तिच्या जमिनी, इमारती, रोकड आणि सामानसुमानही राणीकडे निहित झाले. भागीदारांचे भांडवल आणि त्यावरील लाभांश मात्र त्यातून वगळलेला होता. १ नोव्हेंबर रोजी अलाहाबादेत जाहीरनामा वाचला गेला. ज्या रयतेची ही भूमी, तिची संमती कोणी विचारली नाही.

या फेरफारातील खरे मर्म पुढे आहे. मालमत्ता हस्तांतरित होते तेव्हा तिच्यावरचा बोजाही सोबत जातो, हा सर्वसाधारण न्याय. तथापि येथे कंपनीचे कर्ज आणि भागीदारांचा लाभांश हा सारा भार विलायतेच्या खजिन्यावर न टाकता केवळ हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. साठ लाख पौंड भांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे सहा लाख तीस हजार पौंड, भागीदारांना मिळत राहिले. शेवटी दर शंभर पौंडांच्या भागास दोनशे पौंड देऊन १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली. भूमी हस्तांतरित झाली, आणि त्या हस्तांतराचे मोलही त्याच भूमीने फेडले!

मात्र त्याच कायद्यातून रयतेच्या हाती एक गोष्ट आली. कंपनीवर जसा दावा लावता येत असे, तसाच तो आता भारतमंत्र्यावर लावता येईल, असे पासष्टावे कलम सांगत होते. १८६१ मध्ये कलकत्त्यास याची कसोटी लागली. खिदिरपूरच्या गोदीत सरकारी मजूर लोखंडाचा अवजड तुकडा नेत असताना एका गाडीचा घोडा जखमी झाला, आणि सरकारने भरपाई द्यावी, असा निर्णय न्यायालयाने दिला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील तीनशेव्या अनुच्छेदाचा धागा या पासष्टाव्या कलमापर्यंत मागे जातो. दोनशे चौऱ्याण्णवाव्या अनुच्छेदाने तर मालमत्तेबरोबर देणी आणि दायित्वेही नव्या शासनाकडे सोपविली.

इकडे १८६० नंतरच्या जमाबंदीत वसूल गोळा करणारे मालगुजार हेच गावाचे मालक ठरले. त्यांत काही मराठी घराणीही होती. १९५० च्या कायद्याने ते हक्क संपुष्टात आले आणि ३१ मार्च १९५१ रोजी ते राज्याकडे निहित झाले.

आता थोडे आपल्याविषयी. भोसल्यांच्या पराक्रमाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगावाच. पण वारसा म्हणजे केवळ येणे नव्हे, देणेही असते. ज्या सुभेदारांनी येथून वसूल नेला ते आपलेच होते, आणि ज्या मालगुजारांना गावे मिळाली त्यांतही आपली माणसे होती. कंपनीने आपले देणे दुसऱ्याच्या माथी मारले, म्हणून आपण तिला दोष देतो. मग आपले देणे आपणच ओळखावयास नको काय? ज्या भूमीने आपल्याला भाकरी दिली, छत्तीसगढी बोलणारे शेजारी दिले, आपल्या मुलांना आपली म्हटले, तिचे ऋण कोणत्याही कायद्याने दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. ते आपल्याच नावावर राहते, आणि ते फेडण्यात पुढच्या पिढीनेही आपल्याला साथ द्यावी, एवढीच आमची इच्छा.