बटण बसवले, खटला मिटला?

चौथ्या पिढीच्या शेव्हरले कॉर्व्हेटबद्दल एक मत इतके रूढ झाले आहे, की त्याला पुरावा मागणेही आता उद्धटपणाचे वाटते. सिग्नलला गाडी उभी आहे. डॅशबोर्डवरचा आकडा १०४, १०५, १०६ असा चढतो आहे आणि रेडिएटरचा पंखा ढिम्म. निदान ठरलेले: पंख्याचे वायरिंग गेले. उपचारही ठरलेला: डॅशबोर्डवर एक बटण बसवा, पंखा आपल्या ताब्यात घ्या आणि जोडीला कमी तापमानाचा थर्मोस्टॅट टाका.

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याला दुबळा करून मांडणे मला शोभणारही नाही. गाडी १९८४ ते १९९६ या मॉडेल-वर्षांतली, म्हणजे तारा तीस-चाळीस वर्षांच्या. पंख्याला हुकूम देतो इंजिनाचा संगणक, आणि तो हुकूम सेन्सर, रिले, फ्यूज आणि कितीतरी गंजके जोड यांच्यातून पोचायचा. बटण ही सगळी साखळीच वगळते. स्वस्त पडते, दुपारभरात बसते आणि डोळ्यांदेखत चालते. ॲल्युमिनियमचे हेड वाकले तर काय खर्च येतो हे ठाऊक असलेला मालक बटणाकडे वळला, तर त्याला मूर्ख कोण म्हणेल? मी नाही म्हणणार. त्याचे निदान चुकले आहे, एवढेच म्हणेन.

आरोपपत्राचे पहिले कलम घ्या. १०५ अंशांना पंखा बंद असणे हा दोष आहे काय? १९८५ ते १९९१ या काळातल्या एल-९८ इंजिनासाठी कारखान्यानेच मुख्य पंख्याची वेळ सुमारे १०९ अंश सेल्सिअसवर ठेवली होती. ज्या गाड्यांना जादा पंखा होता, त्यांत तो ११४ च्या आसपास जागा होतो. ‘पण पाणी तर १०० ला उकळते!’ उकळते, पण साधे पाणी, आणि तेही उघड्या पातेल्यात. रेडिएटरमध्ये निम्मे अँटिफ्रीझ असते आणि झाकणाखाली दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंडांचा दाब. ते मिश्रण १२५ अंश ओलांडल्यावरच उकळीला येते. १०५ ला गप्प बसलेला पंखा आपले काम चोख करतो आहे.

मग हा संशय आला कुठून? माझ्या मते डॅशबोर्डवरून. १९८९ पर्यंतच्या या गाडीला आकडे दाखवणारा डिजिटल डॅशबोर्ड होता. इतर गाड्यांत काटा मधोमध सुस्त पडून राहतो. इथे एकेक अंश डोळ्यांत खुपतो. त्यातही मौज अशी, की हा आकडा ज्या सेन्सरवरून येतो तो वेगळा आणि संगणक ज्याचे ऐकतो तो वेगळा. दोघांचे एकमत असेलच असे नाही. एकाच्या साक्षीवर दुसऱ्याला दोषी कसे ठरवणार?

थर्मोस्टॅटचा युक्तिवाद तर लगेच निकालात निघतो. मूळचा थर्मोस्टॅट ९१ अंशांचा, लोक बसवतात तो ७१ चा. १०५ ला दोन्ही सताड उघडे असतात. थर्मोस्टॅट तापमान किती खाली जाऊ द्यायचे ते ठरवतो. किती वर चढेल ते नाही. संगणकातला १०९ चा आकडा तसाच ठेवून थर्मोस्टॅट बदलणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता खरे प्रश्न. गाडी तापते कधी? उभी असताना, की हायवेवर? ताशी १०० किलोमीटरला वाराच पंख्याचे काम करतो. तिथे पंखा असला-नसला सारखाच. ही गाडी बरीचशी हवा नाकाखालून ओढते. बंपरखालची हवा वळवणारी प्लास्टिकची पट्टी पार्किंगच्या कठड्याला घासून तुटली असेल, तर हायवेवर आकडा चढणारच. त्यावर बटण काय करील?

आणि उभी असतानाच तापत असेल तर? तर तपासा; तपासणी बटण बसवण्याहून सोपी आहे. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. एल-९८ इंजिनाच्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला डॅशबोर्डखाली निदानाचा सॉकेट आहे. त्यातली ए आणि बी ही टोके तारेच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला, तर फ्यूज, रिले, मोटर आणि संगणकाचा हुकूम सगळे निर्दोष सुटले. नाही फिरला, तर मोटरवर भार असताना व्होल्टेज मोजा आणि आधी अर्थिंग पाहा. या गाडीचा देह फायबरग्लासचा. पत्र्याच्या गाडीसारखा जवळच्या स्क्रूवर अर्थ मिळत नाही. एक गंजका अर्थ पुरे.

आता माझा सर्वांत भक्कम पुरावा. संगणकाच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे ३५०० ओहम असतो, १०० अंशांना जेमतेम १८०. तापलेल्या इंजिनात कनेक्टरच्या गंजाने त्यात ६० ओहमची भर घातली, की संगणकाला इंजिन खऱ्यापेक्षा साधारण दहा अंश थंड भासते. पंखा उशिरा लागतो. (तार पुरती तुटली, तर संगणक दोष नोंदवून पंखा स्वतःच सुरू करतो, घात अर्धवट गंजाचा.) पण याच सेन्सरवरून तो पेट्रोलचे मापही ठरवतो. बटणाने पंखा फिरेल. इंजिन मात्र थंड समजले जाऊन जादा पेट्रोल पीत राहील. लक्षण दडपले, रोग कायम. हा उपचार झाला का, तुम्हीच सांगा.

बटणाशी माझे वैर नाही. तपासणी संपल्यावर, रिलेमार्फत आणि मूळ साखळीला हात न लावता बसवले, तर खुशाल बसवा. फक्त त्याआधी वरचे आच्छादन सोडवून रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमधल्या फटीत टॉर्च मारा. खालून हवा ओढणारी गाडी रस्त्यावरचा कचराही ओढते. तिथून मूठभर वाळकी पाने आणि एखादी प्लास्टिकची पिशवी निघाली, तर बटणासाठी आणलेली वायर गुंडाळून फळीवर ठेवून द्या.